४१ टक्क्यांवर बंद पडलेला लॅपटॉप: बॅटरीचा आकडा येतो कुठून?

मँचेस्टरजवळ आमची रविवारची मराठी शाळा भरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० च्या सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या, तेव्हा इथल्या बऱ्याच घरांतले आठ-दहा वर्षांचे लॅपटॉप एकदम 'निकामी' ठरले. त्यातले तीन शाळेला मिळाले. मी त्यांच्यावर हलकं लिनक्स घातलं, आणि दोन-चार जीबी मेमरीवर रडतखडत चालणारी यंत्रं पुन्हा पळायला लागली. मुलं खूश, मीही खूश.

मग एका मुलीने त्यातल्या एका लॅपटॉपवर सांगलीच्या आजोबांना फोन लावला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा पाटणला होते. शाळेच्या प्रकल्पासाठी ती त्यांची आठवण ध्वनिमुद्रित करत होती. पाऊण तास आजोबा बोलले. कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र ४१ टक्के दाखवत होतं आणि लॅपटॉप फट्‌कन बंद पडला. ना सूचना, ना लाल दिवा. मुद्रण जतन व्हायच्या आधीच गेलं. पुढच्या रविवारी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमचं लिनक्स खोटं बोलतं."

आरोप गंभीर होता, त्यामुळे तपास करणं भाग होतं. तुमच्याकडेही असा जुना लॅपटॉप असेल आणि त्याचं बॅटरीचं चित्र विचित्र वागत असेल, तर हा तपास कसा करायचा ते सांगतो. एक सूचना आधीच: आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

आधी हे लक्षात घ्या, की पडद्यावरचं ते इवलंसं चित्र स्वतः काहीच मोजत नाही. ते फक्त ऐकलेलं सांगतं. आकड्याचा प्रवास बराच लांबचा आहे. बॅटरीच्या डब्यात विद्युतघटांशेजारी एक छोटी चिप असते, मापनाचं खरं काम तिचं. ती एसएमबस नावाच्या दोन तारांच्या वाहिनीवरून मदरबोर्डवरच्या एका छोट्या वेगळ्या नियंत्रकाला आकडे देते. हा नियंत्रक म्हणजे कळफलक, पंखा, झाकण, चार्जिंग असली घरकामं सांभाळणारा गडी. त्याच्याकडून आकडे एसीपीआय या ठरलेल्या पद्धतीने लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे जातात. कर्नल ते काही फाइलींच्या रूपात मांडून ठेवतो. त्या फाइली बहुधा यूपॉवर नावाची सेवा वाचते, आणि शेवटी पॅनेलवरचं चित्र यूपॉवरला विचारतं.

ही सगळी साखळी लिनक्सने शोधलेली नाही. बॅटरीने स्वतःची माहिती स्वतः सांगावी हा 'स्मार्ट बॅटरी'चा करार ड्युरासेल आणि इंटेल यांनी १९९५ च्या सुमाराला मांडला. एसीपीआयची पहिली आवृत्ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये काढली. म्हणजे विंडोज असो वा लिनक्स, दोघांनाही बातमी एकाच बातमीदाराकडून मिळते. फरक पडतो तो शेवटच्या दोन टप्प्यांत. हलक्या लिनक्समध्ये नेमके हेच टप्पे कापलेले किंवा बदललेले असतात. मोठ्या डेस्कटॉपमध्ये वीज सांभाळणारी एक सेवा सतत जागी असते. आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्ससारख्या सुटसुटीत मांडणीत ती असेलच असं नाही. तिथे पॅनेलवरचा छोटा कार्यक्रम कर्नलच्या फाइली परस्पर वाचतो, चित्र काढतो आणि गप्प बसतो. बॅटरी संपत आली तर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या लॅपटॉपने सूचना न देता मान टाकली, त्याचं अर्धं उत्तर इथेच होतं. उरलेलं अर्धं जास्त रंजक आहे.

तपास नेहमी साखळीच्या मधल्या कडीपासून सुरू करायचा, म्हणजे कर्नलच्या फाइलींपासून. टर्मिनल उघडा आणि '/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/' या फोल्डरची यादी मागा. सहसा दोन नावं दिसतील: एक एसी, एडीपी१ किंवा तसंच काहीतरी, म्हणजे भिंतीतली वीज, आणि दुसरं बीएटी० किंवा बीएटी१, म्हणजे बॅटरी. काही यंत्रांवर बॅटरीचं नाव सीएमबी० असंही असतं. इथे बॅटरी दिसली आणि तिच्यातले आकडे शहाण्यासारखे वाटले, तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे यूपॉवरमध्ये किंवा चित्रात आहे. बॅटरी दिसलीच नाही, किंवा आकडेच वेडेवाकडे आहेत, तर पॅनेलची कितीही जोडणी बदला, काही उपयोग नाही. लोक तासन्‌तास चित्र काढून पुन्हा टाकत बसतात. मीही बसलोय.

तीनपैकी पहिल्या लॅपटॉपवर चित्र म्हणत होतं 'बॅटरी नाही'. बॅटरी तर डोळ्यांसमोर बसवलेली, वायर काढली तरी लॅपटॉप चालू. फोल्डर उघडलं तर पूर्ण रिकामं, एसीसुद्धा नाही. हा महत्त्वाचा सुगावा. फक्त बॅटरी गायब असती तर बॅटरीचा संपर्क किंवा तिचा ड्रायव्हर तपासला असता, पण दोन्ही गायब म्हणजे एसीपीआयच बंद. मग '/प्रोक/सीएमडीलाइन' ही फाइल वाचली. संगणक सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचना तिच्यात असतात, आणि त्यात लिहिलं होतं: 'एसीपीआय=ऑफ'. कुणी लिहिलं? अस्मादिकांनीच. लिनक्स बसवताना तो लॅपटॉप सुरुवातीलाच अडकत होता, तेव्हा हा जुना तोडगा वापरला आणि विसरून गेलो. तो ग्रबच्या जोडणीत कायमचा जाऊन बसला होता. तोडगा काढून टाकला, ग्रब ताजं केलं, यंत्र पुन्हा सुरू केलं. नव्या कर्नलवर ते मुळात अडकतच नव्हतं. बॅटरी दिसली. पंखाही शांत झाला, कारण एसीपीआय बंद असताना यंत्राचं तापमानाचं आणि विजेचं व्यवस्थापनही लंगडं होतं. तुमच्या यंत्रावर एसीपीआय बंद नसेल पण फक्त बॅटरी दिसत नसेल, तर 'बॅटरी' नावाचं कर्नल-मॉड्यूल भरलंय का ते 'एलएसमॉड'ने पाहा, आणि नसेल तर 'मॉडप्रोब'ने भरा. काढता येणारी बॅटरी असेल तर ती आणि वायर दोन्ही काढून, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा बसवा. मघाचा तो घरकाम्या नियंत्रक कधीकधी हटून बसतो, त्याची वीज पूर्ण गेली की भानावर येतो.

आता आरोपी क्रमांक दोन, आजोबांचं मुद्रण गिळणारा. याच्या बीएटी० मध्ये सगळं जागच्या जागी होतं. या फोल्डरमधली प्रत्येक फाइल म्हणजे एकच आकडा, 'कॅट' आज्ञेने वाचता येणारा. 'एनर्जी_फुल_डिझाइन' म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती ऊर्जा मावायची. 'एनर्जी_फुल' म्हणजे आता किती मावते. 'एनर्जी_नाऊ' म्हणजे या क्षणी किती आहे. एकक मायक्रोवॉट-तास, म्हणून आकडे लांबलचक दिसतात. दहा लाखांनी भागलं की वॉट-तास मिळतात. काही लॅपटॉप ऊर्जेऐवजी विद्युतभार सांगतात, मग फाइलींच्या नावात 'एनर्जी'ऐवजी 'चार्ज' असतं आणि एकक मायक्रोअँपिअर-तास. जुने पॅनेल-कार्यक्रम यातला एकच प्रकार ओळखतात आणि दुसरा आला की शून्य दाखवतात किंवा गडबडतात. त्याहून जुने कार्यक्रम तर '/प्रोक/एसीपीआय/बॅटरी' या पत्त्यावर शोधत बसतात, आणि कर्नलने तो पत्ता सोडून बरीच वर्षं झाली.

आमच्या आरोपीचे आकडे असे होते. मूळ क्षमता ५,६१,६०,००० म्हणजे ५६.१६ वॉट-तास. सध्याची पूर्ण क्षमता ३,१३,२०,००० म्हणजे ३१.३२ वॉट-तास, मूळच्या ५६ टक्के. म्हातारी बॅटरी, पण अगदीच वाईट नाही. ४१ टक्क्यांवर तिच्यात साधारण १२.८ वॉट-तास उरले असं ती सांगत होती. लॅपटॉप सुमारे ९ वॉट खात होता, म्हणजे अजून जवळजवळ दीड तास. तरी ती मेली.

इथे टक्केवारी म्हणजे काय ते पाहायला हवं. टक्केवारी हे मोजमाप नाही, भागाकार आहे. वर 'आता आहे', खाली 'पूर्ण मावते', गुणिले शंभर. कर्नल एवढंच करतो. आणि गंमत अशी की अंश आणि छेद दोन्ही अंदाज आहेत.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. झाकण बंद, आत डोकावता येत नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळावर मीटर आहेत. सकाळी टाकी भरून वाहिली तेव्हा तुम्ही मानलं की १००० लिटर आहेत. दिवसभर मीटर वाचून वजाबाकी करत राहिलात, तर संध्याकाळी किती उरलं हे सांगू शकाल. पण मीटर किंचित चुकत असेल तर चूक रोज साठत जाईल. आणि टाकीच्या तळाशी गाळ साचला असेल, तर तुमचे १००० लिटर मुळात ८०० च होते, आणि हे तुम्हाला कळतं ते नळ कोरडा पडल्यावर.

बॅटरीतली चिप हेच करते. ती एका अगदी लहान रोधकातून सगळा प्रवाह जाऊ देते. हा रोधक १० मिलीओहमचा असेल, तर एक अँपिअरला त्याच्या दोन टोकांमध्ये फक्त १० मिलीव्होल्टचा फरक पडतो. तो मोजून, वेळेने गुणून, ती आत-बाहेर गेलेल्या कुलोंबांचा हिशोब ठेवते. इतका बारीक फरक मोजताना थोडी चूक राहणारच. मग व्होल्टेज बघून का नाही सांगत? बघते, पण लिथियम-आयन घटाचा स्वभाव आडवा येतो. पूर्ण भरलेला घट साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होताना ३ च्या आसपास येतो, पण मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज फार हळू उतरतं. शिवाय पडद्याचा उजेड वाढवला, व्हिडिओ लावला की वाढलेल्या भारामुळे ते तात्पुरतं खाली जातं, थंडीत आणखीनच. घट तासभर स्वस्थ पडला असेल तर त्याचं व्होल्टेज पुष्कळ काही सांगतं. कामात असलेल्या घटाचं व्होल्टेज पाहून अंदाज बांधणं म्हणजे धावणाऱ्या माणसाची नाडी पाहून त्याच्या तब्येतीचं निदान करणं. त्यामुळे चिप दोन्ही रीती एकत्र वापरते, आणि छेदातला आकडा, म्हणजे पूर्ण क्षमता, ती तेव्हाच नीट शिकते जेव्हा बॅटरी पूर्ण भरण्यापासून जवळपास रिकामी होईपर्यंतचा प्रवास तिला दिसतो. वर्षानुवर्षं वायर लावून टेबलावर बसलेल्या लॅपटॉपच्या चिपला हा प्रवास कधी दिसतच नाही. मग ती जुन्याच आकड्यावर विसंबून राहते. आमचा लॅपटॉप आधी कुणाच्या तरी ऑफिसच्या टेबलावर होता.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा गोळा करायचा तर बॅटरी मरताना जवळ बसायला हवं. मी चार ओळींची एक शेल-स्क्रिप्ट लिहिली. दर दहा सेकंदांनी घड्याळातली वेळ, 'कपॅसिटी' म्हणजे टक्के, 'व्होल्टेज_नाऊ' आणि 'पॉवर_नाऊ' वाचायचे, एका फाइलीच्या शेवटी ओळ जोडायची, आणि लगेच 'सिंक' म्हणायचं. हे 'सिंक' विसरू नका. लिनक्स फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवत नाही, ते अर्धा मिनिटभर मेमरीत ठेवू शकतं. अचानक वीज गेली तर नेमक्या शेवटच्या, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या ओळी हरवतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं.

मग पडदा झोपणार नाही अशी व्यवस्था केली, एक लांबलचक व्हिडिओ लावला, वायर काढली आणि चहा ठेवला.

दोन तासांनी लॅपटॉप पुन्हा ४१ टक्क्यांवर गेला. वायर लावून फाइल उघडली. ४३ टक्क्यांपर्यंत व्होल्टेज शांतपणे उतरत ११.० वर आलं होतं. ४२ ला १०.७. ४१ ला ९.९ आणि फाइल संपली. जे व्होल्टेज दोन तासांत इंचाइंचाने उतरत होतं, ते शेवटच्या काही मिनिटांत कड्यावरून कोसळलं होतं.

या बॅटरीत सहा घट होते: दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि त्या जोड्या एकापुढे एक. म्हणून एकूण व्होल्टेज तिघींची बेरीज. ११ व्होल्टला प्रत्येक जोडी साधारण ३.६५ वर होती असं धरा. आता तिन्ही जोड्या एकसारख्या थकल्या असत्या, तर सगळ्या हळूहळू उतरल्या असत्या. कोसळण्याचा अर्थ असा की एक जोडी बाकीच्यांच्या आधीच रिकामी झाली. दोन जोड्या ३.६५ वर आणि एक २.६ वर, बेरीज ९.९. घट याहून खाली गेला तर त्याला कायमची इजा होते आणि पुन्हा चार्ज करताना धोका असतो, म्हणून बॅटरीतलं संरक्षण-सर्किट सगळ्या डब्याचाच प्रवाह तोडतं. बाकी चार घटांत ऊर्जा होती, पण तिथपर्यंत पोचायची वाट त्या एका जोडीतूनच जात होती. त्या क्षणी चिप ४१ टक्के म्हणत होती, आणि त्या दोन चांगल्या जोड्यांपुरतं ते फारसं खोटंही नव्हतं.

(संरक्षण-सर्किटने प्रवाह तोडला की कर्नलला निरोपसुद्धा मिळत नाही. म्हणून अशा मृत्यूची नोंद यंत्राच्या दप्तरात, 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल'मध्ये सापडत नाही. नोंदी वाक्याच्या मध्येच तुटाव्यात तशा संपतात. उलट दप्तरात नीट 'बंद होत आहे' अशी नोंद असेल, तर लॅपटॉप बॅटरीने नव्हे, एखाद्या सेवेने बंद केला असं समजा.)

आता हिशोब पाहा. १०० पासून ४१ पर्यंत, म्हणजे ३१.३२ च्या ५९ टक्के, म्हणजे साडेअठरा वॉट-तास या बॅटरीने खरोखर दिले. मूळ ५६.१६ च्या तुलनेत फक्त ३३ टक्के. ५६ टक्के तब्येत सांगणारी बॅटरी प्रत्यक्षात एक तृतीयांश उरली होती.

'कॅलिब्रेशन करा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पूर्ण भरा, तासभर तशीच ठेवा, सलग वापरून रिकामी करा, थोडी विश्रांती द्या, पुन्हा न थांबता पूर्ण भरा. मी हे दोनदा केलं. दुसऱ्या फेरीनंतर 'एनर्जी_फुल' ३१.३२ वरून २०.१ वर आलं आणि लॅपटॉप ४१ ऐवजी ८ टक्क्यांवर मरू लागला. मुलांनी आकडे पाहिले आणि एकजण ओरडला, "काका, तुम्ही बॅटरी आणखी खराब केली! ५६ टक्के होती, आता ३६ आहे!" मी काहीच खराब केलं नव्हतं. तेच साडेअठरा वॉट-तास, फक्त छेद खरा झाला. कॅलिब्रेशनने मीटर शुद्धीवर येतो, टाकी मोठी होत नाही. आणि ते दर महिन्याला करायची गोष्टही नाही. बॅटरी तळापर्यंत रिकामी करण्याने तिचं वय थोडं वाढतंच. वर्षाकाठी एकदा, किंवा आकडा संशयास्पद वाटला तर, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र हे सगळं सुरू करण्याआधी करा: लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. डगमगतो का? टचपॅड वर आलाय, त्याचं बटण दाबलं जात नाही, तळाचं झाकण फुगलंय असं दिसतं का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. अशा बॅटरीवर ना स्क्रिप्ट चालवायची, ना कॅलिब्रेशन करायचं. चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात बॅटरी घेतात तिथे आधी विचारून न्या. सुटीला भारतात जाताना भाच्या-पुतण्यांसाठी जुना लॅपटॉप नेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनाही हे सांगायला हवं. फुगलेली किंवा इजा झालेली बॅटरी विमानात न्यायची नाही. चांगली, सुटी बॅटरी न्यायची तर हातातल्या सामानात, सामानखान्यात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, आणि लॅपटॉपची बॅटरी सहसा त्या मर्यादेत असते. 'एनर्जी_फुल_डिझाइन' वाचून खात्री करून घ्या.

तिसऱ्या लॅपटॉपचं प्रकरण किरकोळ होतं, पण त्याने गोंधळ सर्वात जास्त घातला. चित्र १० टक्के दाखवायचं आणि लॅपटॉप तीन तास चालायचा. फोल्डरमध्ये बीएटी० आणि बीएटी१ अशा दोन बॅटऱ्या निघाल्या, एक आत पक्की बसवलेली आणि एक मागे काढता येणारी. २०१३ नंतरच्या काही थिंकपॅडमध्ये अशी रचना असते. पॅनेलच्या कार्यक्रमाला फक्त बीएटी० माहीत. हलक्या कार्यक्रमांत बॅटरीचं नाव जोडणीच्या फाइलीत लिहिलेलं असतं, तिथे दुसरं नाव घालता येतं. पण दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. आतल्या २२ वॉट-तासांच्या बॅटरीत १० टक्के, बाहेरच्या ४४ वाल्या बॅटरीत ८५ टक्के, तर सरासरी साडेसत्तेचाळीस येते. खरं उत्तर आहे २.२ अधिक ३७.४, भागिले ६६, म्हणजे ६० टक्के. यूपॉवर ही ऊर्जेची बेरीज करून एक एकत्रित आकडा देतो, म्हणून दोन बॅटऱ्या असतील तर यूपॉवरला विचारणारं चित्र निवडा. याच लॅपटॉपवर बाहेरची बॅटरी ८० टक्क्यांवर 'नॉट चार्जिंग' म्हणून थांबायची. तो बिघाड नव्हता. आधीच्या मालकाने बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी ८० ची मर्यादा घातली होती, आणि ती नियंत्रकात बसलेली असल्यामुळे डिस्क पुसून लिनक्स घातल्यावरही टिकली. 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' या फाइलीत तो ८० चा आकडा शांतपणे बसला होता. मी तो तसाच ठेवला.

राहिला प्रश्न सूचना न मिळण्याचा. दुसऱ्या लॅपटॉपला नवीन बॅटरी घेतली, पण नवी बॅटरीही रात्री अकरा वाजता कुणाच्या नकळत संपू शकते. म्हणून तिन्ही यंत्रांवर यूपॉवर बसवलं. त्याच्या जोडणीच्या फाइलीत तीन पायऱ्या असतात: कमी, फार कमी, आणि कृती करण्याची वेळ. शेवटची पायरी मुळात २ टक्क्यांवर असते. जुन्या बॅटरीसाठी ती फार उशिरा येते, मी ती १० वर नेली. कृती कोणती तेही तिथेच लिहायचं. हलक्या लिनक्समध्ये बऱ्याचदा स्वॅपची जागा ठेवलेली नसते, आणि तिच्याशिवाय हायबरनेशन होत नाही, म्हणून मी सरळ 'पॉवरऑफ' लिहिलं. सोबत पॅनेलवर सीबॅटिकॉन बसवला. हा अगदी छोटा कार्यक्रम आहे, पण बॅटरी २० टक्क्यांवर आली की पडद्यावर पाटी दाखवतो, आणि धोक्याच्या पातळीला आपण सांगू ती आज्ञाही चालवतो.

नवीन बॅटरी बसवल्यावर पहिलं काम म्हणजे पुन्हा त्याच फाइली वाचणं. मूळ क्षमता वेष्टनावरच्या वॉट-तासांशी जुळते का? पूर्ण क्षमता तिच्या जवळपास आहे का? 'सायकल_काउंट' शून्य दिसलं तर हुरळू नका, अनेक यंत्रं तो आकडा सांगतच नाहीत आणि तिथे कायमच शून्य असतं. पण नव्या म्हणून घेतलेल्या बॅटरीवर तो दोन-तीनशे दिसला, तर दुकानदाराशी बोला. त्यानंतर तीच चार ओळींची स्क्रिप्ट, तोच व्हिडिओ, पुन्हा चहा, आणि या वेळी दोन चहा झाले. व्होल्टेज शेवटपर्यंत सावकाश उतरत राहिलं, २० ला पाटी आली, १० ला लॅपटॉप शहाण्यासारखा स्वतःहून बंद झाला, आणि दप्तरात तशी नोंदही होती.

मुलीला फाइल दाखवली, जुनी आणि नवी शेजारी शेजारी. तिने दोन्ही आलेख हाताने वहीत काढले आणि कोसळलेल्या जागी लाल पेनने खूण केली. मग सांगलीला फोन लावला. आजोबा म्हणाले, "सांगतो की परत सगळं. पण बाळ, या वेळी वायर लावूनच ठेव."